पुढे-मागे डुकराचं नाक, आत फोर्डच्या ट्रकचं इंजिन : जर्मनीच्या गावाकडच्या रेल्वेला तगवणारी रेलबस

२१ जून १९३१. जर्मनीत हॅम्बर्गहून बर्लिनकडे जाणाऱ्या रुळांवर एक विचित्र गाडी धावली. तिच्या मागच्या बाजूला विमानाचा पंखा होता, आत विमानाचं इंजिन होतं आणि नाव होतं ‘रेल झेपेलिन’. त्या दिवशी तिने ताशी २३० किलोमीटरचा वेग गाठला. जगभरात बातम्या झाल्या, फोटो छापून आले.

मग १५ मे १९३३ ला बर्लिन-हॅम्बर्ग मार्गावर ‘फ्लाइंग हॅम्बर्गर’ नावाची डिझेल गाडी सुरू झाली. कमाल वेग ताशी १६० किलोमीटर. बर्लिन ते हॅम्बर्ग २ तास १८ मिनिटांत. हिच्याही बातम्या झाल्या.

या दोन्हींच्या मधल्या वर्षात, म्हणजे १९३२ मध्ये, जर्मनीतच अजून एक गाडी रुळावर आली. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास धावणारी. दिसायला बेढब. पुढेही नाक, मागेही नाक. लोकांनी तिला नाव ठेवलं ‘श्वाइनेश्नॉयत्सशेन’. मराठीत सांगायचं तर डुकराचं इवलंसं तोंड. काही जण तिला ‘आमायझनबेअर’ म्हणायचे, म्हणजे मुंगीखाऊ.

रेल झेपेलिन एकच बनली आणि १९३९ मध्ये भंगारात गेली. या डुकराच्या तोंडाच्या गाड्या मात्र साठच्या आसपास बनल्या, आणि त्यातल्या काही आजही चालू स्थितीत आहेत. जर्मनीच्या गावाकडच्या अनेक रेल्वे लाईन काही दशकं जास्त जगल्या, त्यात या गाडीचा आणि तिच्या कल्पनेचा मोठा वाटा होता.

ही आहे विस्मार रेलबसची गोष्ट. पण ती समजून घ्यायची तर आधी या गावाकडच्या रेल्वेचं काय दुखणं होतं ते बघावं लागेल.

क्लाइनबान : गावाने काढलेली रेल्वे

१९ व्या शतकाच्या शेवटी जर्मनीत मोठ्या शहरांना जोडणारी रेल्वे तयार झाली होती. पण मधली खेडी, बाजाराची गावं लांबच राहिली होती. शेतकऱ्याला बटाटे, बीट, दूध, लाकूड विकायचं तर बैलगाडी किंवा घोडागाडी करून स्टेशन गाठावं लागायचं.

मुख्य लाईनच्या दर्जाची रेल्वे अशा गावांपर्यंत नेणं परवडणारं नव्हतं. मग प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याने १८९२ मध्ये एक वेगळा कायदा केला. त्यात ‘क्लाइनबान’ नावाचा प्रकार आणला. क्लाइन म्हणजे छोटी, बान म्हणजे रेल्वे.

या छोट्या रेल्वेला नियम सैल होते. रूळ हलके चालायचे, वळणं तीव्र चालायची, वेग कमी ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी रूळ रस्त्याच्या कडेकडेनेच टाकले गेले. काही लाईन मुख्य रेल्वेच्याच रुंदीच्या होत्या, तर काही मीटरगेज किंवा त्याहूनही अरुंद.

पैसा कोणाचा? जिल्हा, प्रांत, राज्य आणि काही ठिकाणी खासगी कंपन्या. म्हणजे अनेक लाईन खरोखरच त्या भागातल्या लोकांच्या कराच्या पैशातून उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे लाईन तोट्यात गेली की तो तोटा थेट जिल्ह्याच्या तिजोरीवर यायचा.

पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे गणित कसंबसं जमत होतं, कारण गावाला दुसरा पर्यायच नव्हता.

वाफेचं इंजिन का परवडेना?

गाडीत पंधरा प्रवासी असोत की दीडशे, वाफेच्या इंजिनाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

सकाळी सहाची गाडी सोडायची तर कोणीतरी पहाटेच, काही तास आधी, इंजिनाच्या भट्टीत आग पेटवायला हवी. पाणी तापून वाफेचा दाब तयार व्हायला वेळ लागतो. चालवायला ड्रायव्हर लागतो, कोळसा टाकायला फायरमन लागतो आणि मागे गार्ड. दिवसभरात कोळसा, पाणी, राख काढणं. ठराविक दिवसांनी गाडी बंद ठेवून बॉयलर धुणं. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन तीन तास उभं असलं तरी आग विझवून चालत नाही, म्हणजे उभ्या उभ्याही कोळसा जळतो.

त्यात इंजिनाचं स्वतःचं वजन वीस-तीस टन. दहा-बारा माणसांना पुढच्या गावी न्यायला एवढं लोखंड ओढायचं.

खर्च वाचवायला रेल्वेवाल्यांनी एक मार्ग काढला होता. प्रवाशांचे एक-दोन डबे मालगाडीलाच जोडायचे. इंजिन एक, माणसं तेवढीच, आणि दोन्ही कामं होतात.

पण प्रवाशांसाठी हा वैताग होता. प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबणार, मग इंजिन सुटं होऊन शंटिंग करणार. खताचा डबा सोडायचा, बटाट्याचा डबा घ्यायचा. तोवर प्रवाशांनी बाकावर बसून खिडकीतून बघत राहायचं. वीस किलोमीटरला दीड-दोन तास सहज लागायचे.

दुसरा पर्याय नाही तोवर लोकांनी हे सहन केलं. पण पर्याय येऊ लागला होता आणि तो रबरी चाकांवर होता.

बस आली, मार्क बुडाला

बव्हेरियात १९०५ मध्ये बाड टोल्झ ते लेंगग्रीस अशी टपाल खात्याची मोटार बस सुरू झाली होती. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकाच गाडीत. युद्धानंतर, १९२० च्या दशकात, अशा बसचं जाळं वाढत गेलं. बस गावाच्या मधोमध थांबायची, तर रेल्वेचं स्टेशन कित्येकदा गावाबाहेर. बसला शंटिंग नाही, आग पेटवणं नाही.

त्याच काळात जर्मनीची अर्थव्यवस्था कोसळत होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्यातून सावरेपर्यंत १९२९ ची जागतिक मंदी आली. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाखांच्या आसपास लोक बेकार होते.

माल कमी, प्रवासी कमी, जिल्ह्याकडे पैसा नाही. छोट्या रेल्वेसमोर दोनच रस्ते राहिले. प्रवासी गाड्या बंद करायच्या, नाहीतर त्या एवढ्या स्वस्तात चालवायच्या की पंधरा प्रवाशांतही खर्च निघेल.

आधी काय काय करून पाहिलं होतं

इंजिन आणि डबा एकत्र करून स्वतःच्या ताकदीवर चालणारा एकच डबा बनवायचा, ही कल्पना १९३२ मध्ये नवी नव्हती. अशा डब्याला रेलकार किंवा मोटर कोच म्हणतात. जर्मनीत यावर चाळीस वर्षांहून जास्त काळ प्रयोग चालू होते.

*पेट्रोल :* गॉटलिब डाइमलर हे नाव आपल्याला मोटारींमुळे माहीत आहे. पण त्यांनी आपलं छोटं वेगवान इंजिन फक्त रस्त्यावर आजमावलं नाही. १८८७ मध्येच श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटमध्ये त्यांनी ते रुळावरच्या छोट्या गाडीत बसवून चालवलं होतं. म्हणजे मोटार आणि मोटर रेलकार जवळपास एकाच वयाच्या.

*वाफ :* व्ह्यूर्टेंबर्ग राज्याच्या रेल्वेतले इंजिनियर ऑयगेन किटेल यांनी छोट्या उभ्या बॉयलरचा वाफेवर चालणारा डबा विकसित केला. एसलिंगनच्या कारखान्यात तो बनला. तो एका माणसाला चालवता यावा असा प्रयत्न होता. पण वाफ म्हटलं की पाणी, कोळसा आणि राख आलीच.

*बॅटरी :* आज इलेक्ट्रिक गाड्यांची चर्चा करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. प्रशियाच्या रेल्वेतले अधिकारी गुस्ताव विटफेल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॅटरीच्या रेलकार १९०७ पासून धावू लागल्या. आत लेड-अ‍ॅसिडच्या जड बॅटऱ्या. एका चार्जमध्ये सुमारे १०० किलोमीटर, नंतरच्या गाड्यांमध्ये त्याहून जास्त. पहिल्या महायुद्धापर्यंत अशा दीडशेहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या काही १९६० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकल्या. गाडी उत्तम होती, पण महाग. चार्जिंगची सोय उभी करणं सरकारी रेल्वेला जमलं, गावाकडच्या क्लाइनबानला ते झेपणारं नव्हतं.

*बेंझॉल :* जर्मनीकडे खनिज तेल फारसं नव्हतं, कोळसा मात्र भरपूर. कोळशापासून कोक बनवताना बेंझॉल हे इंधन निघतं. त्यावर चालणाऱ्या रेलकारही पहिल्या महायुद्धाआधी बनल्या.

युद्धानंतर एक वेगळीच गोष्ट घडली. व्हर्सायच्या तहामुळे जर्मनीच्या शस्त्र आणि युद्धनौका बनवणाऱ्या कारखान्यांना काम राहिलं नाही. कील बंदरातल्या ‘डॉइचे वेर्क’ या कंपनीने मग १९२० च्या दशकात पेट्रोलवर चालणाऱ्या रेलकार बनवायला घेतल्या आणि बऱ्याच छोट्या रेल्वेंनी त्या विकत घेतल्या.

या गाड्या चांगल्या चालल्या. पण त्या ‘रेल्वेचा डबा’ म्हणूनच बनत होत्या. जड सांगाडा, खास इंजिन, खास गिअरबॉक्स, थोडीच संख्या. त्यामुळे किंमत जास्त आणि सुटे भाग फक्त बनवणाऱ्याकडेच.

विस्मारचा जुगाड

बाल्टिक समुद्राच्या काठावर विस्मार नावाचं जुनं बंदर आहे. तिथे हाइनरिश पोडेउस या उद्योजकाने १९ व्या शतकाच्या शेवटी रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना काढला होता. १९३० च्या आसपास या कारखान्यालाही काम हवं होतं.

दुसरीकडे हॅनोव्हर प्रांत. सपाट, शेतीचा, विरळ वस्तीचा प्रदेश आणि त्यात क्लाइनबानचं मोठं जाळं. या छोट्या रेल्वेंचं काम बघणारं एक प्रांतिक कार्यालय हॅनोव्हरमध्ये होतं. त्यांना एकाच प्रकारची, स्वस्त, अनेक लाईनवर चालेल अशी गाडी हवी होती. या मागणीतून विस्मारच्या कारखान्याने १९३२ मध्ये जी गाडी बनवली, तिचं अधिकृत नाव ‘टाइप हॅनोव्हर’ पडलं.

आता यात विशेष काय होतं? तर बनवणाऱ्यांनी रेल्वेसाठी नवीन इंजिन तयार करण्याच्या भानगडीत न पडता रस्त्यावर जे हजारोंनी बनत होतं तेच उचललं.

फोर्ड कंपनीने जर्मनीत १९२६ मध्ये बर्लिनला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. १९३० मध्ये कोलोनला नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्या कार्यक्रमाला हेन्री फोर्ड आले होते आणि कोलोनचे महापौर म्हणून हजर होते कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले. १९३१ मध्ये त्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

विस्मारच्या गाडीत बसवलं गेलं ते फोर्डच्या ट्रकचं साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ताकद चाळीस ते पन्नास हॉर्सपॉवर. सोबत ट्रकचाच गिअरबॉक्स. इंजिन बिघडलं तर रेल्वेच्या वर्कशॉपची वाट बघायची गरज नाही, फोर्डचा पार्ट मिळाला की काम झालं. गावातला ट्रक दुरुस्त करणारा मेकॅनिकसुद्धा हे इंजिन ओळखणार.

बॉडी बससारखी हलकी. लांबी साधारण १० मीटर, चाकांच्या फक्त दोन जोड्या, वजन सहा-सात टनांच्या घरात. कुठे वाफेचं वीस-तीस टनांचं इंजिन अधिक डबे आणि कुठे हे. शिवाय लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना होणारा विरोध हा रस्त्यावरच्या रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी असतो. त्यामुळे ट्रकचं छोटं इंजिन बसभर माणसं आरामात ओढू शकत होतं.

दोन नाकं का?

फोटो बघितला की पहिला प्रश्न हाच पडतो. पुढे एक नाक, मागे एक नाक. दोन इंजिनं कशाला? एकाच इंजिनात भागलं असतं की.

याचं उत्तर ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये आहे. ट्रकला पुढे जायला तीन-चार गिअर असतात आणि मागे यायला एकच, तोही अगदी हळू. रस्त्यावर त्याने काही अडत नाही, कारण ट्रक वळवता येतो. रुळावरची गाडी कशी वळवणार?

त्यासाठी टर्नटेबल लागतं, म्हणजे गाडीला गोल फिरवणारा रुळाचा फिरता चबुतरा. लाईनच्या शेवटच्या प्रत्येक खेड्यात ते बांधायचं म्हणजे खर्च. दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने जाईल असा खास रिव्हर्सिंग गिअरबॉक्स बनवून घ्यायचा म्हणजे अजून खर्च.

विस्मारवाल्यांनी साधा हिशोब केला. खास गिअरबॉक्स बनवण्यापेक्षा फोर्डचं अजून एक अख्खं इंजिन स्वस्त पडतं. मग दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावलं, प्रत्येकाला स्वतःचा गिअरबॉक्स आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा.

गाडी ज्या दिशेने जाणार त्या दिशेचं पुढचं इंजिन काम करणार, मागचं आराम करणार. शेवटचं स्टेशन आलं की ड्रायव्हर उठून डब्यातून दुसऱ्या टोकाला चालत जाणार, तिकडचं इंजिन सुरू करणार आणि गाडी परत निघणार. इंजिन सोडून, फिरवून, पुन्हा जोडायचा खेळ संपला.

याचा एक फायदा असाही होता की भर माळरानावर एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्याच्या जोरावर हळूहळू का होईना, गाडी घरी आणता यायची.

इंजिनं डब्याच्या बाहेर, बॉनेटखाली होती, त्यामुळे ती उघडून दुरुस्त करणं सोपं. आणि बॉनेट बाहेर आल्यामुळेच ते डुकराचं नाक तयार झालं. म्हणजे ज्या गोष्टीवरून लोक हसायचे, तीच या गाडीच्या स्वस्ताईची खूण होती.

गावाला काय मिळालं?

सगळ्यात मोठा बदल म्हणजे प्रवासी मालगाडीपासून सुटले.

बटाट्याचे डबे वाफेचं इंजिन आपल्या वेळेनुसार ओढत राहिलं. प्रवाशांसाठी मात्र वेगळी गाडी, जी स्टेशनवर मिनिटभर थांबून पुढे निघायची. प्रवासाचा वेळ कमी झाला. एक फेरी स्वस्त झाल्यामुळे दिवसातून दोनच्या जागी जास्त फेऱ्या करता आल्या. हलकी गाडी पटकन थांबते आणि पटकन वेग घेते, त्यामुळे वाडी-वस्तीजवळ नवे थांबे देणंही सोपं झालं.

आणि चालवायला फायरमन लागत नव्हता. सकाळी यायचं, इंजिन सुरू करायचं, निघायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन बंद. जे काम बस करत होती तेच आता रेल्वे स्वतःच्या रुळावर करू लागली.

हॅनोव्हरचं बघून दुसऱ्या भागातल्या रेल्वेंनीही ही गाडी मागवली. मुख्य रुंदीची, मीटरगेजची, त्याहून अरुंद अशा वेगवेगळ्या रुळांसाठी तिच्या आवृत्त्या निघाल्या. १९४१ पर्यंत तिचं उत्पादन चाललं.

अर्थात सगळं गोड नव्हतं. दोनच जोड चाकं आणि हलका सांगाडा, त्यामुळे रुळाच्या प्रत्येक जोडावर गाडी आदळायची. आवाज मोठा. जागा मर्यादित, त्यामुळे जत्रेच्या किंवा बाजाराच्या दिवशी गर्दी झाली की पुन्हा वाफेची गाडीच काढावी लागायची. मालाचे जड डबे ओढणं तिच्या ताकदीबाहेरचं. आणि एवढी हलकी गाडी जड डब्याला धडकली तर तिचं काय होईल हे सांगायला नको.

म्हणजे ही गाडी वाफेच्या इंजिनाला पूर्ण पर्याय नव्हती. रोजच्या पंधरा-वीस प्रवाशांचा प्रश्न तिने सोडवला. पण लाईन बंद करायची की नाही हे त्या पंधरा-वीस जणांच्या खर्चावरच ठरत होतं, त्यामुळे तेवढंही पुरेसं ठरलं.

युद्धात पेट्रोल संपलं, कोळसा परतला

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पेट्रोल रेशनवर गेलं. सैन्याला आधी, बाकीच्यांना उरलं तर. रस्त्यावरच्या बस आणि ट्रक लाकडाच्या गॅसवर चालवायची वेळ आली.

ज्या गोष्टीमुळे रेलबस स्वस्त पडत होती, तीच आता अडचण झाली. फोर्डचं इंजिन पेट्रोलवर चालायचं आणि पेट्रोल बाहेरून यायचं. देशातच मिळणाऱ्या कोळशावर चालणारं म्हातारं वाफेचं इंजिन पुन्हा कामाला लागलं. हातात असलेलं तंत्रज्ञान आणि हातात असलेलं इंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा छोट्या रेल्वेंना चांगलंच कळलं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा शहरं बेचिराख झाली होती. शहरातली माणसं अन्न शोधायला गावाकडे निघाली. घरातली घड्याळं, चादरी, भांडी देऊन बदल्यात बटाटे, अंडी, लोणी घ्यायचं. या फेऱ्यांना जर्मनीत ‘हामस्टर फेरी’ म्हणतात. हॅमस्टर हा गालात धान्य साठवणारा छोटा प्राणी, त्यावरून हे नाव. तोट्यातली म्हणून बंद करायला निघालेली गावाकडची रेल्वे अचानक खच्चून भरू लागली.

दोन जर्मनी, दोन रेलबस

मग देशाची फाळणी झाली. विस्मार सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात गेलं, तर तिच्या बऱ्याच गाड्या ज्या हॅनोव्हर भागात धावत होत्या तो पश्चिमेत राहिला. पूर्व जर्मनीत १९४९ मध्ये छोट्या रेल्वे सरकारी रेल्वेत विलीन केल्या गेल्या, त्यांच्यासोबत त्यांच्या रेलबसही गेल्या.

पश्चिम जर्मनीच्या सरकारी रेल्वेसमोर १९५० च्या सुमारास तोच जुना प्रश्न आला. ब्रांच लाईनवर वाफ परवडत नाही. उत्तरही त्याच धाटणीचं निघालं. यूर्डिंगन इथल्या कारखान्याने १९५० मध्ये नवी रेलबस आणली. दोन जोड चाकं, हलकी बॉडी आणि ब्युसिंग या ट्रक-बस बनवणाऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन. यावेळी इंजिन डब्याच्या खाली गेलं, त्यामुळे नाक गायब झालं.

ही लालभडक रेलबस शेकड्यांनी बनली. लोकांनी तिला नाव दिलं ‘नेबनबानरेटर’, म्हणजे ब्रांच लाईनची तारणहार. आजही जर्मनीतल्या एका पिढीला शाळेचे दिवस म्हटलं की ही लाल गाडी आठवते.

पूर्व जर्मनीने १९६० च्या दशकात बाउट्झनच्या कारखान्यातून स्वतःची रेलबस काढली. तिचं टोपणनाव काय पडावं? ‘फेर्कलटाक्से’, डुकराच्या पिल्लांची टॅक्सी. जर्मनीतली गावाकडची रेलबस आणि डुक्कर यांचं नातं काही सुटलं नाही.

मग लाईन वाचल्या का?

काही वाचल्या. बऱ्याच वाचल्या नाहीत.

१९५० ते १९८० च्या दशकांत पश्चिम जर्मनीत ब्रांच लाईन एकामागून एक बंद झाल्या. लोकांकडे स्वतःची कार आली. पक्के रस्ते झाले. माल ट्रकने जाऊ लागला. रेलबसने प्रवाशांचा खर्च कमी केला होता, पण रूळ, पूल, सिग्नल, फाटक यांचा खर्च तर राहतोच. आधी तो खर्च बटाटे, बीट आणि खताच्या डब्यांतून निघायचा. माल गेला तसा तो आधारही गेला.

त्यामुळे ‘तारणहार’ हा शब्द जरा जपूनच घ्यावा लागतो. रेलबसने लाईनला वेळ मिळवून दिला. कुठे दहा वर्षं, कुठे तीस. त्या वेळात गावाची पोरं शहरात शिकायला जाऊ शकली, कामगारांना गाव न सोडता नोकरी करता आली. आणि काही लाईन इतकी वर्षं तगल्या की त्यांच्याकडे नव्याने बघायचा काळ आला.

तो काळ १९९० च्या दशकात आला. १९९४ मध्ये जर्मनीत रेल्वेची मोठी पुनर्रचना झाली आणि १९९६ पासून स्थानिक गाड्यांची जबाबदारी आणि त्यासाठीचा पैसा राज्यांकडे गेला. मग राज्यांनी जिथे रूळ शिल्लक होते तिथे नव्या हलक्या डिझेल गाड्या आणल्या आणि बंद पडलेल्या काही लाईनही पुन्हा सुरू केल्या. जिथे रूळ उखडून सायकल ट्रॅक केला होता तिथे मात्र हे शक्य नव्हतं.

आज या गाड्या कुठे दिसतात?

हॅनोव्हर आणि ब्रेमेनच्या मधल्या पट्ट्यात ब्रुखहाउझन-फिल्झन नावाचं गाव आहे. तिथल्या मीटरगेज लाईनवर १९६६ मध्ये जर्मनीतली पहिली म्युझियम रेल्वे सुरू झाली. रेल्वेप्रेमी हौशी मंडळी ती चालवतात. त्यांच्या ताफ्यात विस्मारची रेलबस आहे.

उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावर बंदर ते गाव अशी ९०० मिलिमीटर रुंदीची रेल्वे १८८८ पासून आहे. तिच्याकडे १९४० मध्ये बनलेली विस्मारची रेलबस आहे आणि खास फेऱ्यांसाठी ती अजून बाहेर काढली जाते. सुट्टीवर आलेली पोरं नाकाजवळ उभी राहून फोटो काढतात.

आणि सध्याच्या गाड्यांचं काय? २०१८ मध्ये लोअर सॅक्सनी राज्यात, म्हणजे जुना हॅनोव्हर प्रांत ज्यात येतो त्याच राज्यात, हायड्रोजनवर चालणारी प्रवासी रेलगाडी सुरू झाली. २०२३ मध्ये शेजारच्या श्लेसविग-होल्श्टाइनमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या धावू लागल्या. १९०७ मध्ये विटफेल्डच्या गाड्या जे करत होत्या, तेच काम आता नव्या बॅटरीवर होतंय.

प्रश्न मात्र १९३२ चाच आहे. ब्रांच लाईनवर विजेच्या तारा टाकणं महाग, डिझेल नको झालंय, आणि प्रवासी थोडेच आहेत. अशा ठिकाणी गाडी कशी चालवायची? नव्या गाड्या गुळगुळीत आहेत, शांत आहेत आणि महागही आहेत.

विस्मारच्या लोकांकडे ना नवं इंधन होतं ना मोठं बजेट. गावात रोज जेवढी थोडी माणसं गाडीत बसायची, तेवढ्यापुरती गाडी त्यांनी बनवली. रेल झेपेलिनचा फोटो आजही व्हायरल होतो. पण १९३० च्या दशकात हॅनोव्हर प्रांतातल्या एखाद्या खेड्यातून बाजाराला निघालेल्या माणसासाठी स्टेशनवर जी गाडी येऊन थांबायची, तिला डुकराचं नाक होतं.